चार ओळींच्या राजीनाम्याबद्दल आभार

आदरणीय मॅडम,

सादर नमस्कार.

नवी नोकरी मी अवघ्या तीन आठवड्यांत सोडली, त्यालाही आता बरेच दिवस झाले. त्या वेळी फोनवर घाईघाईने ‘थँक्यू’ म्हणून मोकळा झालो होतो. आपण जे केलेत त्याच्या मानाने ते फारच अपुरे होते, म्हणून हे पत्र.

मुलाखतीत मला कामाची वेळ साडेनऊ ते सहा सांगितली गेली होती. दुसऱ्याच दिवशी सहा वाजता मी संगणक बंद करून डबा पिशवीत टाकला, तेव्हा आजूबाजूचे कोणीही खुर्चीवरून हललेले नव्हते. साहेबांनी काही न बोलता महिन्याचे वेळापत्रक माझ्या टेबलावर ठेवले. त्यात माझ्या नावापुढे रोज रात्री नऊपर्यंतची वेळ आणि प्रत्येक शनिवारचे सहा तास आधीच छापलेले होते. पहिल्या पूर्ण आठवड्याचे, जेवणाची सुट्टी वजा जाता, ६१ तास भरले.

त्या रविवारी मी आपल्याला फोन केला, तो खरे तर स्वतःलाच दोष देण्यासाठी. इतर सगळे निमूटपणे थांबतात, मग आपणच कामचुकार आहोत की काय, असे मला वाटू लागले होते. आपण आधी नेमणूकपत्र मागवून घेतलेत आणि त्यातल्या ‘कामाच्या गरजेनुसार’ या शब्दांवर थांबलात. गरज कोणाची आणि ती कोण ठरवणार हे जिथे लिहिलेले नसते तिथे ती रोजचीच होते, हे आपले वाक्य मी विसरलेलो नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९१९ सालच्या आपल्या पहिल्याच करारात उद्योगांसाठी दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली होती, आणि याच संघटनेने जागतिक आरोग्य संघटनेसह २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, आठवड्याला ५५ किंवा अधिक तास काम करणाऱ्यांना ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांपेक्षा पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी जास्त आढळला होता, हे आपण शांतपणे सांगितलेत. माझा थकवा म्हणजे आळस नव्हे, हे त्या दिवशी मला पहिल्यांदा पटले.

तरीही ‘सोडून दे’ असे आपण एकदाही म्हणाला नाहीत, याचे मला आजही विशेष वाटते. (माझ्या मित्रांपैकी प्रत्येकाने ते पहिल्या मिनिटात म्हटले होते.) उलट पगाराशिवाय किती महिने निभेल, हा हिशेब आपण मला कागदावर मांडायला लावलात. जादा तास किती काळ चालणार, त्यांचा मोबदला मिळणार का आणि नकार दिल्यास काय, हे तीन प्रश्न एचआरला लेखी विचारायला सांगितलेत. उत्तर दोन ओळींत आले: ही येथील नेहमीची पद्धत आहे, वेगळा मोबदला नाही. तिसऱ्या प्रश्नाला उत्तरच नव्हते.

त्या रात्री मी दीड पानी राजीनामा लिहिला. त्यात फसवणूक, शोषण, स्वाभिमान असे सगळे शब्द होते, आणि खरे सांगायचे तर तो मला फार आवडलाही होता. आपण त्यातल्या चार ओळी ठेवल्यात: सांगितलेली वेळ, प्रत्यक्षातली वेळ, परिवीक्षा काळातील सात दिवसांची नोटीस आणि कामाचा शेवटचा दिवस. रागाचा मजकूर वाचणाऱ्याला उत्तर द्यायला जागा देतो, तारखा देत नाहीत, असे आपले म्हणणे होते. साहेबांनी तो कागद दोनदा वाचला, आणि काहीच न बोलता सही केली. कार्यमुक्तीचे पत्र आणि उरलेला पगार, दोन्ही विनातक्रार मिळाले.

मुलाखतीत मी स्वतःहून काहीच विचारले नव्हते, ही चूक माझीच. पुढच्या मुलाखतीत मात्र, ‘आपल्याला काही विचारायचे आहे का?’ असे म्हणताच, गेल्या महिन्यात या विभागातले लोक किती वाजता घरी गेले, असे मी विचारले. समोरच्या बाई क्षणभर थांबल्या आणि त्यांनी हजेरीचा तक्ताच माझ्याकडे वळवला. मी आता तिथेच काम करतो, आणि हे पत्र संध्याकाळी सात वाजता घरी बसून लिहीत आहे.

आपला ऋणी,
आपला एक जुना सहकारी