केनियाला निघण्यापूर्वी

चि. मुग्धास,
अनेक आशीर्वाद.

तिकीट झालंय, तर बॅगेआधी पिवळ्या तापाची लस घे. ती जाण्यापेक्षा परतण्यासाठी जास्त लागते. भारतातून थेट येणाऱ्याकडे केनियात लस घेतल्याचं कार्ड सहसा मागत नाहीत, म्हणून बरेच जण लस टाळतात आणि मुंबईत अडकतात. केनिया आपल्या सरकारच्या पिवळ्या तापाच्या यादीत आहे. तिथून निघाल्यावर सहा दिवसांच्या आत कार्डाशिवाय इथे उतरलीस, तर विलगीकरणात ठेवतात, सहा दिवसांपर्यंत. हा रोग पसरवणारा एडिस डास, तोच डेंग्यूवाला, आपल्याकडे भरपूर आहे. रोग मात्र नाही. म्हणून एवढी कडक तपासणी.

लस शासनमान्य केंद्रातच मिळते, तीही ठरावीक वारी. मूळ पासपोर्ट ने. अंड्याची ॲलर्जी असेल तर आधी सांगायचं. कार्ड ग्राह्य धरतात ते दहा दिवसांनी, पुढे आयुष्यभर चालतं. हातात आलं की खिडकीपाशीच उभी राहून नाव, पासपोर्ट क्रमांक, तारीख, बॅच क्रमांक, सही, शिक्का तपास. घरी आल्यावर चूक सापडली तर पुन्हा खेटे.

जानेवारी 2024 पासून केनियाला व्हिसाऐवजी ई-टीए, म्हणजे ऑनलाइन प्रवासपरवाना, लागतो. सरकारी संकेतस्थळावरूनच काढ. तशाच दिसणाऱ्या खाजगी साइट जादा पैसे उकळतात. प्लास्टिकच्या कॅरीबॅगवर तिथे 2017 पासून बंदी आहे, तेव्हा चपला कापडी पिशवीत. प्लग तीन चपट्या पिनांचा लागतो, आपला गोल पिनांचा बसत नाही. आणि स्वेटर! नैरोबी सुमारे 1,795 मीटरवर, म्हणजे कळसूबाईपेक्षाही उंच आहे. जुलैतल्या रात्री चांगल्याच गार असतात.

मटाटूत, म्हणजे तिथल्या मिनीबसमध्ये, खिडकीशी बसून फोन काढू नकोस, गाडी थांबली की बाहेरून हिसकावतात. एम-पेसाने, म्हणजे तिथे मोबाइलवरून, पैसे देताना समोर आलेलं नाव वाच, मगच पिन टाक. ‘चुकून तुम्हाला पैसे गेले, परत करा’ असा मेसेज आला तर आधी स्वतःची शिल्लक बघ. वेळ ठरवताना सकाळ की संध्याकाळ, हेही विचार: स्वाहिलीत घड्याळ सूर्योदयापासून मोजतात, ‘सा मोजा’ म्हणजे शब्दशः एक वाजता, पण आपले सात. (विम्याला तिथे ‘बिमा’ म्हणतात, दुकानाला ‘दुका’. विम्याचा कागद जवळ ठेव.) तातडीला 999 किंवा 112. सोमालियाच्या सीमेकडच्या भागात कामाच्या निमित्तानेही जायचं नाही.

नैरोबीत हिवतापाचा धोका फार कमी, पण तुझं किसुमू व्हिक्टोरिया सरोवराकाठी आहे, तिथे भरपूर. डॉक्टरांनी हिवताप टाळायला ॲटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल ही गोळी दिली, तर पोचण्याच्या एक-दोन दिवस आधीपासून रोज एक, जेवणासोबत, आणि तिथून निघाल्यावर आणखी सात दिवस. डॉक्सिसायक्लिन असेल तर निघाल्यावर चार आठवडे. लोक घरी आल्याबरोबर पाकीट फेकतात, तिथेच चुकतं; शरीरात लपलेले जंतू त्यानंतर उठतात. सरोवरात पायही बुडवू नकोस. गोगलगायींतून पाण्यात आलेले बिल्हार्झिया या रोगाचे जंतू कातडीतून आत शिरतात.

परतल्यावर पुढच्या काही महिन्यांत ताप आला, तर ‘डेंग्यू असेल’ म्हणून घरी थांबायचं नाही. त्याच दिवशी डॉक्टर गाठून पहिलं वाक्य ‘मी केनियाहून आलेय’ हे सांग आणि मलेरियाची रक्ततपासणी मागून घे. तिकडचा फाल्सिपेरम जातीचा मलेरिया एक-दोन दिवसांत गंभीर होऊ शकतो.

कार्ड मिळालं की फोटो पाठव.

तुझी,
आई