‘इम्युनिटी वाढवा’ हा सल्ला इथे नको

संपादक महोदय,
स.न.

मोटर न्यूरॉन आजारात रोगप्रतिकारशक्तीचाही हात असावा, अशा बातम्या अलीकडे वरचेवर वाचायला मिळतात. त्यात तथ्य आहे. पण अशी बातमी वाचून घरचे लोक रुग्णाची प्रतिकारशक्ती वाढवायच्या मागे लागतात, आणि घोटाळा तिथे होतो. फिजिओथेरपिस्ट म्हणून असे रुग्ण माझ्याकडे येतात. अंगठ्याच्या बुडाशी खळगा पडलेला, दंडाचं मांस आपोआप फडफडतंय, शर्टाचं बटण लागत नाही. आणि पिशवीत ‘इम्युनिटी बूस्टर’ची बाटली.

या आजारात स्नायूंना हुकूम देणाऱ्या चेतापेशी एकेक करून मरतात. मेंदूत आणि मज्जारज्जूत मायक्रोग्लिया नावाच्या प्रतिकारपेशी असतात. सुरुवातीला त्या मेलेल्या पेशींचा कचरा उचलतात, आजारी पेशींना सांभाळूनही घेतात. पुढे मात्र त्यांच्यातूनच दाह वाढवणारी रसायनं पाझरू लागतात. 2006 साली उंदरांवरच्या एका प्रयोगात आजाराला कारण होणारं एसओडी1 हे सदोष जनुक फक्त या गटातल्या पेशींमधून काढलं, तेव्हा आजार सुरू व्हायचा तेव्हा झालाच, पण नंतरची घसरण बरीच मंदावली. काडी लावणारा वेगळा आणि आग भडकवणारा वेगळा, असा हा प्रकार दिसतो.

हा दाह आवरण्याचं काम रेग्युलेटरी टी पेशी करतात. ज्या रुग्णांत त्या कमी असतात, त्यांचा आजार जास्त वेगाने वाढतो असं आढळलं आहे. म्हणूनच इंटरल्युकिन-2 हे प्रतिकारपेशींना निरोप देणारं प्रथिन अगदी कमी मात्रेत देऊन या पेशी वाढवण्याच्या चाचण्या झाल्या. थोडक्यात, संशोधकांची धडपड आहे ती प्रतिकारयंत्रणेला वेसण घालण्याची. बाटलीवर लिहिलंय ते नेमकं उलटं!

मग सरसकट दाहविरोधी औषधं द्यावीत का? तसंही नाही. मिनोसायक्लिन या दाह कमी करणाऱ्या अँटिबायोटिकने उंदरांत आशा दाखवली होती. 2007 साली प्रसिद्ध झालेल्या 412 रुग्णांच्या चाचणीत मात्र ते घेणाऱ्यांची प्रकृती, नुसती दिखाऊ गोळी घेणाऱ्यांपेक्षा सुमारे 25 टक्के जास्त वेगाने ढासळली. सेलेकॉक्सिब या दाहविरोधी वेदनाशामकाचाही उपयोग झाला नाही.

बातम्यांमधून हमखास सुटणारी आणखी एक गोष्ट. मल्टिफोकल मोटर न्यूरोपॅथी नावाचा एक दुर्मीळ विकार सुरुवातीला हुबेहूब मोटर न्यूरॉन आजारासारखा दिसू शकतो. त्याच्यामागे मात्र प्रतिकारयंत्रणाच असते आणि शिरेतून इम्युनोग्लोब्युलिन (निरोगी रक्तदात्यांच्या रक्तातली प्रतिपिंडं) दिल्यावर बऱ्याच रुग्णांच्या हातात पुन्हा जोर येतो. स्टेरॉइडने उलट काहींचा त्रास वाढतो, तेव्हा ती आपल्या मनाने सुरू करू नयेत. एकाच हाताची ताकद हळूहळू जातेय, पण बधिरपणा नाही, अशा रुग्णाच्या नातेवाइकांनी नर्व्ह कंडक्शन टेस्टमध्ये (नसांमधून संदेश कसा जातो ते पाहणाऱ्या तपासणीत) ‘ब्लॉक’, म्हणजे संदेश मध्येच अडतो ती जागा, नीट शोधला का, हे न्यूरॉलॉजिस्टना जरूर विचारावं.

आपली,
एक वाचक