जुलाबाची गोळी आणि आतड्याची राखण

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पाऊस सुरू झाला की ‘पाणी उकळून प्या, उघड्यावरचे खाऊ नका’ असे सगळीकडे छापून येते. ते योग्यच आहे. पण जुलाब लागल्यावर घरोघरी काय होते, यावर फारसे कोणी लिहीत नाही. मेडिकलमध्ये जाऊन ‘जुलाबाची गोळी द्या’ म्हटले की अनेकदा ओफ्लॉक्सासिन आणि ऑर्निडॅझोल एकत्र असलेली अँटिबायोटिक (जिवाणू मारणारी) गोळी हातात पडते. चिठ्ठीशिवाय ती विकणे बेकायदा आहे. दोन गोळ्यांनंतर बरे वाटते आणि उरलेल्या डब्यात पडून राहतात, पुढच्या खेपेसाठी.

पाण्यासारखे जुलाब बऱ्याचदा विषाणूंमुळे होतात आणि काही दिवसांत आपोआप थांबतात. विषाणूवर ही गोळी चालत नाही. ती चालते आतड्यात कायम वस्तीला असलेल्या आपल्याच जिवाणूंवर, आणि राखण तर तेच करत असतात. १९५०च्या दशकात शिकागो विद्यापीठात मार्जोरी बोनहॉफ आणि फिलिप मिलर यांनी हे उंदरांवर दाखवले. निरोगी उंदराला साल्मोनेला या रोगजंतूची बाधा व्हायला सुमारे १ लाख जिवाणू पाजावे लागत. आधी स्ट्रेप्टोमायसिन हे अँटिबायोटिक पाजले, तर १० पेक्षाही कमी पुरत.

असे का होते? ज्वारी-बाजरीचा कोंडा, डाळींची साले आपल्याला पचत नाहीत. मोठ्या आतड्यातले जिवाणू ती आंबवतात आणि त्यातून ब्युटिरेट नावाचे आम्ल तयार होते. आतड्याच्या अस्तरातील पेशींचे हे मुख्य अन्न. ते जाळताना त्या प्राणवायू वापरून टाकतात, म्हणून आतड्याची पोकळी जवळजवळ प्राणवायूविरहित राहते. अँटिबायोटिकने हे जिवाणू मेले की ब्युटिरेट घटते, अस्तरातून प्राणवायू झिरपू लागतो आणि त्यावर झपाट्याने वाढणाऱ्या साल्मोनेलाला आयती जागा मिळते. पित्ताचेही तसेच. काही जिवाणू पित्ताम्लांचे रूप बदलतात आणि ते बदललेले रूप क्लोस्ट्रिडिऑइड्स डिफिसिल या जंतूला वाढू देत नाही. अँटिबायोटिकनंतर उद्भवणाऱ्या चिवट जुलाबांमागे अनेकदा हाच जंतू असतो. २०१३ मध्ये ॲमस्टरडॅममधल्या चाचणीत या जंतूचा आजार पुनःपुन्हा उलटणाऱ्या रुग्णांना निरोगी माणसाच्या विष्ठेचे द्रावण नळीने आतड्यात सोडले, तेव्हा १६ पैकी १५ जण बरे झाले. नेहमीच्या औषधाने इतके यश आले नव्हते.

त्याआधीची चौकी म्हणजे जठरातले आम्ल. ते शाबूत असेल तर कॉलऱ्याची बाधा व्हायला कोट्यवधी जंतू लागतात. खाण्याचा सोडा देऊन ते आम्ल मारले तर काही हजार पुरतात. ॲसिडिटीची गोळी वर्षानुवर्षे स्वतःच्या मनाने घेणाऱ्यांनी हे डॉक्टरांशी बोलावेच.

मग जुलाबात करायचे काय? ओआरएस, म्हणजे साखर-मिठाचे मोजून केलेले पाणी. आजारी आतडेही साखरेसोबत मीठ ओढून घेते आणि मिठामागोमाग पाणी आत जाते. अख्खा उपाय एवढ्यावर उभा आहे. चूक होते ती मोजमापात. १ लिटरचे पाकीट पेलाभर पाण्यात ओतले, तर द्रावण दाट होऊन उलट आतड्यातच पाणी ओढते, जुलाब वाढतात आणि बाळाच्या रक्तातले सोडियम धोकादायक पातळीवर जाऊ शकते. पाकिटावर २०० मिली लिहिले आहे की १ लिटर, ते वाचून पाणी मोजून घ्या आणि पूर्ण पाकीट एकदम विरघळवा. पाकीट नसेल तर १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात साखरेचे ६ सपाट चहाचे चमचे आणि मीठ अर्धा सपाट चमचा. उरलेले द्रावण २४ तासांनी फेकावे. २ वर्षांखालील मुलाला प्रत्येक जुलाबानंतर ५० ते १०० मिली, चमच्या-चमच्याने. उलटी झाली तर १० मिनिटे थांबून पुन्हा, आणखी सावकाश. ६ महिन्यांवरील मुलाला झिंक रोज २० मिलिग्रॅम, जुलाब थांबले तरी १० ते १४ दिवस. अस्तर त्याने लवकर भरून येते. अंगावरचे दूध बंद करू नये: त्यातल्या काही शर्करा बाळाला पचतच नाहीत, त्या त्याच्या आतड्यातल्या बायफिडो नावाच्या उपकारक जिवाणूंसाठीच असतात.

‘ओआरएस’ नावाने खोक्यात विकली जाणारी गोड पेये हे काम करत नाहीत. एफएसएसएआय या देशाच्या अन्नसुरक्षा यंत्रणेने ऑक्टोबर २०२५ मध्ये पेयांवर तो शब्द वापरायला मनाई केली.

अँटिबायोटिक कधीच नको, असे आम्ही म्हणत नाही. शौचातून रक्त, जोराचा ताप, कॉलऱ्याची तांदळाच्या धुवणासारखी संडास, डोळे खोल जाणे, मूल सुस्तावणे, सहा तास लघवी न होणे, यातले काहीही दिसले तर लगेच डॉक्टरांकडे न्यावे. तेथे चिठ्ठीवर दिलेले औषध पूर्ण घ्यावे.

एक विनंती आहे. पाणी, साखर आणि मिठाचे वरचे माप पावसाळाभर आपल्या अंकात रोज एका छोट्या चौकटीत द्यावे, कापून स्वयंपाकघरात चिकटवता येईल एवढ्या ठळक अक्षरांत.

आपले,
सूक्ष्मजीवशास्त्राचे दोन अध्यापक, कोल्हापूर