रोव्हरचे फोटो आले की लगेच सगळ्यांना बघायला मिळावेत

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

चांद्रयान-५ ची तयारी सुरू झालीय, जपानच्या सोबतीने, आणि त्यातला रोव्हर, म्हणजे चंद्रावर फिरणारी गाडी, २५० किलोची असणार असं इस्रोच्या अध्यक्षांनी जाहीर केलंय. चांद्रयान-३ मधला आपला रोव्हर प्रज्ञान २६ किलोचा होता. म्हणजे यावेळी फोटो आणि डेटा कितीतरी जास्त येणार, तर तो लोकांना कधी आणि कसा द्यायचा हे आत्ताच ठरलं पाहिजे, यान उडाल्यावर नाही, एवढ्यासाठी हे पत्र.

आधी हे सांगतो की इस्रो डेटा दाबून ठेवते असा माझा अजिबात आरोप नाही. चांद्रयान-३ उतरल्याला बरोबर एक वर्ष झालं तेव्हा, म्हणजे २३ ऑगस्ट २०२४ ला, पहिल्या राष्ट्रीय अंतराळ दिनी विक्रम (चंद्रावर उतरलेला लँडर) आणि प्रज्ञानवरच्या पाच उपकरणांचा जवळपास ५५ जीबी डेटा सगळ्यांसाठी खुला केला, फुकट, 'प्रदान' नावाच्या पोर्टलवर. फार चांगलं काम झालं. पण मधलं ते एक वर्ष बघा ना. प्रज्ञान चंद्रावर प्रत्यक्ष फिरत होता तेव्हा, २ सप्टेंबरला त्याला झोपवेपर्यंत, आपल्याला मिळाले ते इस्रोने निवडून टाकलेले मोजके फोटो आणि व्हिडिओ. गंधक सापडल्याची बातमी आली, ग्राफचं चित्र आलं, पण ग्राफमागचे आकडे नाहीत. मी शाळेत विज्ञान शिकवतो, त्या दिवसांत पोरं रोज विचारायची की सर आज रोव्हर कुठं गेला, काय बघितलं, आणि माझ्याकडे पेपरातल्या बातमीपलीकडे सांगायला काही नसायचं. पोरांचा उत्साह तेव्हा होता, वर्षभराने डेटा खुला झाला तोवर ती वरच्या वर्गात निघून गेली होती.

आता मंगळावरचा नासाचा रोव्हर पर्सिव्हिअरन्स घ्या. फेब्रुवारी २०२१ मध्ये उतरला तेव्हापासून त्याचे कच्चे फोटो पृथ्वीवर पोचले की नासाच्या साईटवर येतात, लॉगिन नाही, परवानगी नाही. कॅमेरा निवडायचा, मंगळावरचा कितवा दिवस ते निवडायचं आणि बघत बसायचं. प्रत्येक फोटोखाली मंगळावर तेव्हा किती वाजले होते ते लिहिलेलं असतं. सगळेच फोटो काही सुंदर नसतात, कितीतरी तर नुसत्या चाकाचे, धूसर, तिरके, अर्धी सावली आलेले, पण पोरांना तेच जास्त आवडतात कारण रोव्हर खरंच काम करतोय हे त्यातून दिसतं. आणि मोजमापं नीट तपासून केलेला, शास्त्रज्ञांनी वापरायचा पक्का डेटा काही महिन्यांनी वेगळ्या संग्रहात जातो.

यावर एक आक्षेप नेहमी येतो आणि तो मला पटतो सुद्धा, की ज्या माणसांनी पाच-सात वर्षं घालून उपकरण बनवलं त्यांना पहिला शोधनिबंध लिहायचा हक्क हवा. हवाच. म्हणून मी पक्क्या डेटाबद्दल घाई करायला सांगत नाहीये, त्याला घ्या की वर्षभर. पण कॅमेऱ्याचे कच्चे फोटो लगेच द्यायला काय हरकत आहे? दुसरं म्हणतात लोक चुकीचे अर्थ काढतील. काढतील थोडे, पण बरोबर काढणारे पण असतात. सप्टेंबर २०१९ मध्ये चांद्रयान-२ चा लँडर (त्याचंही नाव विक्रमच) कोसळला, नासाच्या एलआरओ या चंद्राभोवती फिरणाऱ्या यानाने वरून काढलेला त्या भागाचा मोठा फोटो नासाने लोकांसाठी टाकला आणि चेन्नईच्या षण्मुग सुब्रमण्यन या इंजिनिअरने घरी बसून जुना फोटो आणि नवा फोटो शेजारी ठेवून एकेक ठिपका तपासला, अवशेषाचा तुकडा शोधला, नासाला कळवलं. नासाने पुन्हा तपासून डिसेंबरमध्ये त्याचं नाव घेऊन जाहीर केलं. आपलं यान, आपला माणूस, आणि फोटो मिळाला तो नासाकडून, ही गोष्ट मला आजही टोचते.

पोर्टलबद्दल पण थोडं. 'प्रदान'वर आधी अकाउंट काढावं लागतं, मग फाईल उतरवली की ती साध्या फोटोसारखी उघडत नाही, सोबतची माहितीची फाईल वाचून, वेगळं सॉफ्टवेअर घेऊन उघडावी लागते. शास्त्रज्ञांना तसंच हवं असतं, जगभर ग्रहांचा डेटा याच पद्धतीने ठेवतात, त्यामुळे ते बदला असं म्हणणं नाही. पण गडचिरोली किंवा जालन्याच्या कॉलेजात बीएस्सी करणाऱ्या पोराकडे ना मोठी दुर्बीण ना लॅब, त्याच्यासाठी हा डेटाच लॅब आहे, आणि ते पोर पहिल्याच पायरीवर अडकतं.

तेव्हा इस्रोकडे मागणी एवढीच की पुढच्या रोव्हरचे कच्चे फोटो आठवड्याच्या आत, लॉगिनशिवाय, साध्या फोटोच्या रूपात टाकावेत, आणि प्रदानवरची फाईल कशी उघडायची याचं दहा पानी मार्गदर्शन मराठीसकट सगळ्या भारतीय भाषांत द्यावं. मराठीचं काम पुण्यातल्या आयुकासारख्या संस्था आणि आम्ही शिक्षक मिळून करू शकतो. मी स्वतः सुट्टीत वेळ द्यायला तयार आहे. आपल्या पेपरने हा विषय लावून धरावा ही विनंती.

आपला,
एक विज्ञान शिक्षक, कराड