प्रत्येक विद्यार्थ्याला कॉलेजच्या सर्व्हरवर स्वतःचं वेब फोल्डर द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

ॲडमिशनचा सीझन आला की तुमच्या पेपरात इंजिनिअरिंग आणि डिप्लोमा कॉलेजांच्या पानभर जाहिराती येतात, वाय-फाय कॅम्पस, स्मार्ट क्लासरूम, एआय लॅब सगळं असतं, पण विद्यार्थ्याने स्वतः बनवलेलं वेबपेज ठेवायला कॉलेजच्या सर्व्हरवर त्याला जागा मिळते का, हे कुठेच लिहिलेलं नसतं. बहुतेक ठिकाणी मिळत नाही म्हणूनच लिहिलेलं नसतं. मी कॉम्प्युटर लॅबमध्ये काम करतो, आणि ही सोय प्रत्येक कॉलेजात असायला हवी असं मला अगदी मनापासून वाटतं.

आत्ता काय होतं बघा. वेब टेक्नॉलॉजीच्या प्रॅक्टिकलला मुलं झॅम्प (आपल्याच पीसीला सर्व्हर बनवणारं सॉफ्टवेअर) इन्स्टॉल करतात, लोकलहोस्टवर म्हणजे त्याच पीसीवर पेज उघडतात, स्क्रीनशॉट काढून प्रिंट मारतात, जर्नलमध्ये लावतात, सरांची सही होते आणि विषय संपतो. पुढच्या टर्मला पीसी फॉरमॅट होतो, त्याच्याबरोबर पेजही जातं. घरी आईवडिलांना दाखवायला लिंक नाही, इंटरव्ह्यूत दाखवायला लिंक नाही. आणि सगळ्यात वाईट म्हणजे आपलं पेज खऱ्या सर्व्हरवर गेल्यावर काय काय बिघडतं हे त्या मुलाने कधी बघितलेलंच नसतं. विंडोजवर फोटो .जेपीजी कॅपिटलमध्ये लिहिला काय न् स्मॉलमध्ये लिहिला काय, चालून जातं, सर्व्हरवर बहुधा असणाऱ्या लिनक्सवर तोच फोटो गायब होतो. हे पुस्तकात वाचून डोक्यात बसत नाही, पेजवर फोटोच्या जागी रिकामा चौकोन दिसला की बसतं.

यासाठी काही विकत घ्यावं लागत नाही. अपाची हा वेब सर्व्हर १९९५ पासून फुकट मिळतो, त्यात युजरडिर नावाचं मॉड्यूल आहे, आणि ही सोय अपाचीच्या आधीच्या एनसीएसए या अमेरिकन संस्थेच्या सर्व्हरमध्येसुद्धा होती, म्हणजे तीस वर्षांपेक्षा जुनी गोष्ट आहे ही. मॉड्यूल चालू केलं की ज्याचं सर्व्हरवर अकाउंट आहे त्याच्या होम फोल्डरमधलं पब्लिक_एचटीएमएल हे फोल्डर वेबवर दिसायला लागतं, कॉलेजच्या पत्त्यापुढे स्लॅश, मग ~ हे टिल्डेचं चिन्ह आणि मग युजरनेम. आयआयटी मुंबईच्या कॉम्प्युटर सायन्स विभागात प्राध्यापकांची पानं अशाच टिल्डेच्या पत्त्यावर आहेत, कोणीही जाऊन बघावं.

सेटअप एका दुपारचं काम आहे. उबंटूवर (हा लिनक्सचाच एक प्रकार) ए-टू-एनमॉड युजरडिर ही कमांड द्यायची आणि अपाची रीस्टार्ट करायचा. रॉकी किंवा फेडोरा हे लिनक्स असेल तर युजरडिरच्या कॉन्फिग फाइलमध्ये ते मुद्दाम डिसेबल्ड ठेवलेलं असतं, ते बदलायचं, आणि एसईलिनक्स या सुरक्षा व्यवस्थेला होम डिरेक्टरी वाचू दे म्हणून वेगळं सांगावं लागतं, नाहीतर बाकी सगळं बरोबर असूनही ४०३ फॉरबिडन, म्हणजे पान बघायला मनाई, असा एरर येत राहतो. प्रत्येक मुलासाठी हाताने फोल्डर करत बसायची गरज नाही, ईटीसीमधल्या स्केल (/etc/skel) या नवीन अकाउंटच्या साच्याच्या फोल्डरात एकदा पब्लिक_एचटीएमएल करून ठेवलं की नवीन अकाउंटच्या होममध्ये ते आपोआप येतं.

लोक अडकतात ते परमिशनला, म्हणजे कोणती फाइल कोणी वाचायची, कोणी बदलायची हे ठरवणाऱ्या आकड्यांना. वाड्यात मधल्या बोळातून कोणीही चालत जावं पण कोणाच्या खोलीत डोकावू नये, तसं होम फोल्डरला ७११ द्यायचं, म्हणजे सर्व्हर त्यातून पुढे जाऊ शकतो पण आत काय काय आहे त्याची यादी त्याला मिळत नाही. पब्लिक_एचटीएमएलला ७५५, आतल्या फाइलींना ६४४. उबंटूने २१.०४ पासून नवीन होम फोल्डर ७५० ने, म्हणजे बाहेरच्यांना बंद, बनवायला सुरुवात केली, त्यामुळे जुन्या नोट्स बघून सेटअप करणाऱ्याला ४०३ येतो आणि मग कोणीतरी वैतागून ७७७, म्हणजे सगळ्यांना सगळं करायची मुभा, देऊन टाकतं. ७७७ कधीच देऊ नका, प्लीज. होम उघडायची भीती वाटत असेल तर आणखी चांगला मार्ग आहे, वेबची फोल्डरं होमच्या बाहेर एका वेगळ्या जागी ठेवायची आणि युजरडिरला तो पाथ द्यायचा, मग मुलाच्या खाजगी फाइलींचा प्रश्नच येत नाही.

कॉलेजचं मॅनेजमेंट हे ऐकलं की लगेच म्हणतं हॅक होईल. काळजी चुकीची नाही, पण उत्तरं आहेत. सगळ्यात महत्त्वाचं, आणि हे फार कमी लोकांच्या लक्षात येतं, की ब्राउझरच्या नजरेत एकाच डोमेनवरची सगळी टिल्डेवाली पानं एकाच साइटची असतात. म्हणजे निकाल, फी, ईआरपी (कॉलेजच्या कारभाराचं सॉफ्टवेअर) यांचं लॉगिन त्याच डोमेनवर असेल तर कुठल्याही मुलाच्या पानावरची जावास्क्रिप्ट त्यात हात घालू शकते. म्हणून मुलांच्या पानांना वेगळं सबडोमेन द्या आणि शक्यतो वेगळं मशीन, एखादा जुना डेस्कटॉपसुद्धा साध्या एचटीएमएल पानांना पुरतो. रूट, म्हणजे सर्व्हरच्या मुख्य अकाउंटसाठी युजरडिर बंद ठेवा. पीएचपी, म्हणजे सर्व्हरवर चालणाऱ्या स्क्रिप्टची भाषा, पहिल्या दिवशी देऊ नका, कारण साध्या सेटअपमध्ये सगळ्यांची पीएचपी एकाच युजरच्या नावाने चालते आणि एकाची स्क्रिप्ट दुसऱ्याच्या डेटाबेसचा पासवर्ड वाचू शकते, डेबियन आणि उबंटूमध्ये अशा फोल्डरांत पीएचपी आधीच बंद ठेवलेली असते ती याचसाठी. थर्ड इयरला द्यायचीच असेल तर पीएचपी-एफपीएमचा प्रत्येकाला वेगळा पूल करून द्या, म्हणजे प्रत्येकाची स्क्रिप्ट त्याच्याच नावाने चालते.

डिरेक्टरी लिस्टिंग बंद करा. इंडेक्स फाइल नसली की आतल्या सगळ्या फाइलींची यादी जगाला दिसते, आणि मुलं कुठल्याही फोल्डरात आधार कार्डाचा स्कॅन नाहीतर मार्कशीट टाकून ठेवतात हे लॅबमध्ये काम करणाऱ्या कोणालाही विचारा. युजरनेम म्हणून पीआरएन (विद्यापीठाचा कायम नोंदणी) नंबर वापरू नका, तो पत्त्यात सगळ्यांना दिसतो. फाइली सर्व्हरवर चढवायला जुनं एफटीपी नको, त्यात पासवर्ड उघडा जातो, एसएफटीपी द्या, विनएससीपी किंवा फाइलझिलावर मुलं लगेच शिकतात. आणि कोटा, म्हणजे प्रत्येकाच्या जागेला मर्यादा, लावा, माणशी २०० एमबी दिले तरी ६०० मुलांचे १२० जीबी होतात, एवढी जागा आज कुठल्याही साध्या हार्डडिस्कवर असते.

कोणी म्हणेल गिटहब पेजेस ही वेबपेज ठेवायची ऑनलाइन सोय फुकट आहे की, मुलांनी तिथे ठेवावं. जरूर ठेवावं, ते यायलाच हवं. पण तिथे लॉग (कोणी काय उघडलं, काय बिघडलं याची नोंद) दिसत नाही, परमिशन कळत नाही, सर्व्हर कोणाचा आणि तो कसा चालतो हे सगळं पडद्याआड राहतं. आणि परक्या जागेचा भरवसा किती, जिओसिटीज या याहूच्या फुकट सोयीवर जगभरच्या लोकांनी केलेली पानं २००९ मध्ये एका निर्णयात बंद झाली. अर्थात कॉलेजनेही हेच करू नये म्हणून मुलगा पास आऊट झाल्यावर निदान वर्षभर पान चालू ठेवावं, त्याला झिप करून द्यावं आणि नवीन पत्ता दिला तर तिकडे रीडायरेक्ट लावावा.

आणखी एक गोष्ट, मला हिचं फार अप्रूप आहे. आपली मुलं तालुक्याच्या गावांतून येतात. त्यांना पहिलं पान आपल्या गावावर मराठीत करायला सांगा, गावची जत्रा, विहिरी, शेतातली पिकं, आजीची ओवी रेकॉर्ड करून. मजकूर कुठल्या अक्षरपद्धतीत आहे ते ब्राउझरला सांगणारा यूटीएफ-८ चा मेटा टॅग विसरला की मराठीची जागा चित्रविचित्र अक्षरं घेतात, आणि गावातल्या प्रेसमधून श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमधला मजकूर कॉपी केला तर तेच होतं, म्हणजे युनिकोड (सगळ्या भाषांच्या अक्षरांना ठरवून दिलेले एकच आकडे) काय ते तिथल्या तिथे शिकून होतं आणि वेबवर मराठीही वाढते.

प्राचार्यांना आणि विभागप्रमुखांना माझी विनंती आहे की सगळ्या कॉलेजला एकदम देऊ नका. सेकंड इयरचा ६० मुलांचा एक वर्ग घ्या, एक टर्म चालवा, लॅब असिस्टंटला आठवड्यातून एकदा लॉग बघायला वेळ द्या, त्याच्या बाकीच्या कामात हे फुकटात घुसडू नका. आणि टर्म संपताना एक्स्टर्नल परीक्षकांच्या हातात जर्नलबरोबर त्या ६० लिंकची यादी द्या, त्यांनी ती पानं स्वतः उघडून मगच मार्क द्यावेत.

आपला,
एक लॅब असिस्टंट, सांगली जिल्हा