प्रत्येक क्यू आमच्यासाठी थांबवून धरणाऱ्या प्रकाशयोजनाकार दादांना

प्रिय दादा,
सप्रेम नमस्कार.

रंगीत तालमीच्या धावपळीत तुम्ही आम्हा फोटोग्राफरांसाठी एकेक क्यू, म्हणजे ठरलेला प्रकाशबदल, थांबवलात, वर त्या सगळ्यांच्या यादीची, क्यूशीटची, प्रतही दिलीत. मनापासून आभार. नाटकात फ्लॅश चालत नाही. आमचा आयएसओ, म्हणजे मिळालेला प्रकाश कॅमेरा किती उजळून दाखवतो तो आकडा, ठरतो तो तुमच्या डिमरवर, दिवे मंद-प्रखर करणाऱ्या यंत्रावर.

दिवाणखान्याच्या उजळ प्रवेशाला शटर १/२५० सेकंद, अ‍ॅपर्चर (भिंगाचं उघडं तोंड) एफ २.८ आणि आयएसओ ३२०० जमलं. रात्रीच्या प्रवेशात प्रकाश दोन स्टॉप उतरतो, म्हणजे दोनदा निम्मा होतो. सगळा भार आयएसओवर टाकला तर तो १२८०० वर जातो. पण तिथे पात्रं बसून बोलतात, हे आधीच माहीत असल्यामुळे शटर १/१२५ केलं, म्हणजे दुप्पट वेळ उघडं ठेवलं, आणि ६४०० वर भागलं. आयएसओ शेवटी ठरवायचा, तो असा.

नॉइजच्या, म्हणजे फोटोतल्या रवाळपणाच्या, भीतीने ८०० वरच अडून बसायचं आणि फोटो नंतर संगणकावर उजळायचा, ही सवय फार नुकसान करते. नॉइज मुख्यतः अपुऱ्या प्रकाशामुळे येतो, आयएसओ कमी ठेवल्याने प्रकाश वाढत नाही. उलट अंधारा फोटो ओढूनताणून उजळला की सावल्यांत पट्टे आणि जांभळट डाग उमटतात; जेपीईजीत तर चेहऱ्याचा रंगच जातो.

ऑटो आयएसओला काळा पडदा फसवतो. कॅमेऱ्याला सगळं अंधारं वाटतं, तो आयएसओ चढवतो आणि नटाचा चेहरा पांढराफटक होतो. म्हणून चेहऱ्यावर स्पॉट मीटरिंग करून, म्हणजे तेवढ्याच जागेचा प्रकाश मोजून, आयएसओ हाताने ठरवलेला बरा.

निळ्या एलईडीबद्दल तुम्ही सावध केलंत, ते फार मोलाचं. साधा हिस्टोग्राम (फोटोतल्या उजेड-अंधाराचा आलेख) ठीक दिसतो, पण निळा चॅनल, म्हणजे निळ्या रंगाचा भाग, उजव्या कडेला आपटलेला असतो आणि त्यातले बारकावे जळून जातात. तिन्ही रंगांचा हिस्टोग्राम वेगवेगळा पाहून आयएसओ एखादा स्टॉप उतरवला की पोशाखाच्या चुण्या परत दिसतात. पिवळ्या हॅलोजनमध्ये उलटं: निळा प्रकाशच कमी, त्यामुळे नॉइज आधी त्याच चॅनलमध्ये दिसतो. तिथे अंडरएक्स्पोज करून, म्हणजे फोटो अंधारा घेऊन, चालतच नाही.

आणि अगदी मंद केलेल्या एलईडीचे आडवे पट्टे! सायलेंट शटर (आवाज न करणारं इलेक्ट्रॉनिक शटर) बंद करून आणि शटरचा वेग उतरवून ते बरेच आटोक्यात आले.

पुढच्या प्रयोगात मागच्या पडद्यावरचा निळा तुम्ही बदलणार आहात असं कळलं. त्या क्यूचे नवे टक्के, म्हणजे दिवे किती प्रखर असतील ते, आधी कळवाल का?

तुमचे,
विंगेत आणि पहिल्या रांगेत कॅमेरे घेऊन बसणारे आम्ही सगळे