रविवारच्या हातकागदासाठी: कागद शनिवारी रात्रीच भिजत घाला

सर्व सभासदांना नमस्कार,

रविवारी सकाळी घरच्या घरी हातकागद करायला बसायचे आहे. त्यासाठी जुना कागद आदल्या रात्रीच पाण्यात घालून ठेवा. तुकडे पेराएवढे करा आणि शक्यतो हातानेच फाडा. फाटलेल्या कडेला तंतू मोकळे सुटतात. वहीची पाने, छापील कागद, अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे सगळे चालेल. प्लॅस्टिकचा थर असलेला कागद मात्र नको, तो भिजतच नाही. पिना आठवणीने काढा.

मिक्सरमध्ये मूठभर कागदाला भांडेभर पाणी घ्या आणि थांबत थांबत फिरवा. फार बारीक केले की तंतू तुटतात. मागच्या वेळी माझा पहिला ताव सुकल्यावर घडी घालताच मोडला, म्हणून मुद्दाम सांगते आहे.

हा लगदा पाण्याच्या टबात ओता. साचा, म्हणजे जाळीची चौकट, त्यात बुडवून आडवाच उचला आणि पाणी निथळण्याआधी हलकेच मागेपुढे, डावीउजवीकडे हलवा. ओल्या थराची चमक गेली की हात थांबवा. मग ओल्या सुती कापडावर उलटा करून जाळीच्या पाठीवरून स्पंजने पाणी टिपा. घाई केली तर ताव जाळीलाच चिकटून राहतो.

शाईने लिहायचे असेल तर लगद्यात थोडी खळ घाला, नाहीतर अक्षर फुटते.

एक कळकळीची विनंती: उरलेला लगदा मोरीत ओतू नका, पाइप तुंबतो. गाळून, पिळून त्याचे गोळे वाळवा. पुन्हा भिजवले की ते वापरता येतात.

सोबत जाळीची चौकट, जुने सुती कापड आणि स्पंज आणा.